अनोळखी व्यक्ती, दुपारी दोन वीस

लातुरात बिराजदार सरांना झोपलेलं कोणी पाहिलं नव्हतं. ही अफवा नव्हती, जाहिरात होती. बसस्थानकासमोरच्या त्यांच्या क्लासच्या मोठ्या फलकावर हाताची घडी घातलेले सर होते आणि खाली लिहिलं होतं: 'तुम्ही झोपता तेव्हा तुमचा नंबर दुसरा कोणीतरी घेत असतो.' फोटोतल्या सरांचे डोळे असे काही उघडे होते, की समोरच्या पानवाल्याला डुलकी घ्यायची झाली तर तो फलकाकडे पाठ करून बसायचा.

खरी गोष्ट अशी, की महालिंग बिराजदार रोज जेवण झालं की बरोबर दोन वाजता गच्चीवरच्या खोलीत 'पेपर तपासायला' जात आणि तीनपर्यंत डाव्या कुशीवर पडून ते तपासत. झोपताना चष्मा कपाळावर असायचा, उठताना शेजारी घडी घालून ठेवलेला. आपल्याला झोपेतही शिस्त आहे, असं सर समजत. पत्नी शैलजाबाई पोस्टात नोकरीला, त्या संध्याकाळी येणार. मुलगा रेवण अकरावीत, तो सकाळचं कॉलेज करून खालच्या खोलीत अभ्यासाला. बावीस वर्षं गुपित सुखरूप होतं. मग गुंडी आली.

हा काळ फार दूरचा नाही. आज जी मुलं सहावीत आहेत, ती तेव्हा स्वतः पालक झाली होती आणि मुलं ऐकत नाहीत म्हणून तक्रार करत होती. गुंडीचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते फक्त पत्रव्यवहारात चालायचं. दिसायला ती सदऱ्याच्या गुंडीएवढी. गळ्याखालच्या हाडापाशी चिकटवायची आणि विसरून जायची. आठवी ते बारावीच्या प्रत्येक मुलाला, त्याच्या आईवडिलांना आणि शिक्षकांना ती मिळाली होती.

तिच्यामागचा शोध साधा होता आणि थक्क करणारा. आपलं हृदय घड्याळासारखं चालत नाही. श्वास आत घेताना ठोके जरा भराभर पडतात, सोडताना जरा सावकाश. म्हणजे प्रत्येकाच्या छातीत दिवसभर एक चढउतार चालू असतो, आणि तो ज्याचा त्याचा. पण दोन माणसं जवळ निवांत बसली असली, एकाला दुसऱ्याची धास्ती नसली, तर काही मिनिटांत त्यांचे श्वास जवळ येतात आणि मागोमाग दोन हृदयांचे चढउतार जुळू लागतात. कोणी ठरवत नाही. कोणाला कळतही नाही. शास्त्रज्ञांनी याला नाव दिलं, सहलय. लाखभर मुलांवर दहा वर्षं लक्ष ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की हाडांना जसं ऊन लागतं तशी वाढत्या मनाला सहलय लागते. रोज वीसएक मिनिटं मिळाली, कोणाचीही चालतात, तर पोर आपली दुःखं पचवतं. महिना-महिना नाही मिळाली तर ते आतून ठिसूळ होत जातं, आणि बाहेरून काही दिसत नाही. गुणपत्रिकेत तर नाहीच नाही.

गुंडीत एक चिमुकलं रडार होतं. ते घालणाऱ्याचं हृदय वाचायचंच, पण दोन हातांच्या आत दुसरं कोणी असेल तर त्याच्या छातीची केसाएवढी हालचालही टिपायचं. त्याच्या अंगावरही गुंडी असली तर अहवालात नाव यायचं. नसली तर 'अनोळखी व्यक्ती'. आणि सहलय जुळली की गुंडी कातडीवर अगदी हळू थरथरायची, मांडीवर मांजर घुरघुरावं तशी.

लातूरने या शोधाचं स्वागत लातूरच्या पद्धतीने केलं. महिन्याभरात सहलयेचे क्रॅश कोर्स निघाले. बाप-लेक समोरासमोर बसून शिट्टीच्या तालावर श्वास घेऊ लागले. 'आमच्या प्रांजलची त्रेचाळीस मिनिटं आहेत,' असं आया भाजीच्या गाड्यापाशी सांगू लागल्या. श्वास जुळले, हृदयं काही जुळली नाहीत. हृदयाला शिट्टी ऐकू येत नाही. जगात मोजता येईल पण ज्याची तयारी करून घेता येणार नाही असं काही असतं, हा त्या शहराला बसलेला पहिलाच धक्का.

सरांची अडचण वेगळी होती. गुंडी झोपही नोंदवायची, आणि ती नोंद घरच्यांच्या फोनवर उमटायची. पण सर फिजिक्सचे. बंद धातूच्या डब्यातून रेडिओलहरी बाहेर पडत नाहीत, हे त्यांनी स्वतःच हजारो पोरांना शिकवलं होतं. दोन वाजले की ते गुंडी काढत, स्टीलच्या जुन्या डब्यात ठेवत, झाकण घट्ट लावत आणि डाव्या कुशीवर वळत. अहवालात तेवढा वेळ 'संपर्क नाही' यायचं. गच्चीवर रेंज नसते, असं त्यांनी घरी सांगून टाकलं होतं.

*

तहसीन पठाण ही सरांची जुनी विद्यार्थिनी. फिजिक्स इतकं चांगलं असून ती मानसशास्त्राकडे गेली, याचं सरांना अजून वाईट वाटायचं. आता ती रेवणच्या कॉलेजात समुपदेशक होती. तिचा फोन आला तेव्हा सर निकाल आणायला निघावं तसे निघाले.

"बसा सर."

"किती पडले?"

"हे मार्क नाहीत सर." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. रेवणच्या गेल्या महिन्यातल्या सहलयेची रोजची सरासरी होती. आई, चार मिनिटं. मित्र, दोन. वडील, शून्य.

सरांनी आयुष्यात पुष्कळ शून्यं दिली होती. मिळालेलं हे पहिलंच.

"यंत्र आहे, चुकत असेल," ते म्हणाले.

"चुकत असेल. रेवण बोलतो का तुमच्याशी?"

"बोलतो की. मी विचारतो, तो उत्तर देतो."

"काय विचारता?"

सरांनी आठवून पाहिलं. "किती झालं. किती राहिलं."

तहसीनने पडद्यावरचं पान खाली सरकवलं. मग म्हणाली, "दोन महिने झाले, तो डबा अर्धा टाकतो. कोणात मिसळत नाही. मी भेटते, डॉक्टरांची चिठ्ठीही दिली होती तुम्हाला."

"कॉलेजची चाचणी झाली की जाऊ म्हटलं होतं."

"हो. या आकड्यांवर तो एव्हाना पार खचायला हवा होता सर. खचला नाही, तो याच्यामुळे." तिने खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

अनोळखी व्यक्ती, एकतीस मिनिटं. रोज दुपारी दोन वीस ते दोन एक्कावन्न. ठिकाण, घर.

"माझ्या घरी?" सरांचा आवाज चढला. "कोण आहे हा?"

"मी रेवणला विचारलं तर तो हसला. दोन महिन्यांत माझ्यासमोर एवढं एकदाच हसला. सांगत मात्र नाही, आणि तो त्याचा हक्क आहे. पण कोणीतरी आहे, ज्याच्याजवळ तुमचा मुलगा अर्धा तास मोकळा श्वास घेतो. त्या माणसाला सोबत घेतलं तर माझं काम निम्मं होईल. त्या वेळी घरी कोण असतं?"

"मी असतो."

"मग तुम्हाला दिसलं असेल."

"मी पेपर तपासत असतो."

"रोज?"

"पोरं रोज चुका करतात," सर म्हणाले. मग उठता उठता म्हणाले, "सोमवारपासून दुपारी दोनला रिपीटर्सची बॅच सुरू होतेय, तेव्हा मी घरी नसणार. याच आठवड्यात त्याला पकडतो."

"पकडू नका सर. ओळख करून घ्या."

*

मंगळवारी दोन वाजता सर पेपर तपासायला गेले नाहीत. जिन्याच्या वळणावर स्टूल टाकून बसले. तिथून पुढचं दार, मागचं दार आणि रेवणची खोली, तिन्ही दिसायचं. दुपारी दोन ते तीन या वेळात जगात काय चालतं, हे ते बावीस वर्षांत पहिल्यांदाच पाहत होते. काहीच चालत नव्हतं. गल्लीतलं कुत्रंसुद्धा डाव्या कुशीवर होतं.

दोन वीसला रेवणच्या खोलीचं दार उघडलं. उंच, वाकून चालणारा पोरगा बाहेर आला आणि स्टुलावरचे वडील बघून थबकला.

"काय पाहिजे?" सरांनी विचारलं.

"पाणी."

तो पाणी प्यायला. जिन्याकडे एकदा बघितलं. परत आत गेला.

"कितवं प्रकरण चाललंय?" सरांनी बंद दाराला विचारलं.

बुधवारीही तेच. पाण्याचा जार देणारा बशीर अडीचला आला, तर सरांनी त्याला ओट्यावर बसवून, रोज इथे किती वेळ थांबतोस, रेवणशी काय बोलतोस, असं पंधरा मिनिटं तपासलं. बशीर म्हणाला, "सर, मी जार ठेवतो आणि जातो. तुमच्या घरात कोण बोलतंय?" गुरुवारी कोणीच आलं नाही. फक्त रेवण दारापर्यंत आला, स्टूल बघितलं आणि पाणीसुद्धा न पिता मागे फिरला.

"उद्या येईल," सर संध्याकाळी म्हणाले.

"तुम्ही दारात यमासारखे बसल्यावर कोण येतंय?" शैलजाबाई म्हणाल्या. "आणि आला तर काय करणार?"

"विचारणार."

"हां. तेच."

तेवढ्यात तहसीनचा फोन आला. या वेळी तिच्या आवाजात विद्यार्थिनी नव्हती.

"सर, तीन दिवस शून्य आहे. तो माणूस यायचा बंद झालाय. आणि आज रेवणने त्याचा बुद्धिबळाचा पट वर्गातल्या पोराला देऊन टाकला. सायकल चुलतभावाला द्यायची म्हणतो. मुलं अशी आवडीच्या वस्तू वाटायला लागली, की आम्ही हातातलं सगळं काम बाजूला ठेवतो. मी त्याला सरळच विचारलं. तो थोडं बोलला, हे फार चांगलं झालं. उद्या सकाळी मी आणि शैलजाताई त्याला डॉक्टरांकडे नेतोय. तोवर एकटं सोडू नका."

तो पट सरांनीच आणला होता, रेवण सहा वर्षांचा असताना. उंट तिरका का जातो, असं त्याने विचारलं होतं, आणि सर त्या वेळी उत्तर माहीत नसल्यामुळे हसले होते.

"मी काय करू, तहसीन?" त्यांनी विचारलं. उत्तर आधीपासून माहीत नसलेला प्रश्न विचारण्याची त्यांना सवय नव्हती.

"घरी राहा. काही विचारू नका."

*

शुक्रवारी दुपारी डॉक्टरांकडून सगळे परत आले. गोळ्या सुरू झाल्या होत्या. शैलजाबाईंनी रजा टाकली होती, त्या खाली स्वयंपाकघरात होत्या. सर कपाटातली रेवणची जुनी फाइल काढायला वर गेले, खाटेवर टेकले, आणि तीन दिवसांच्या जागरणाने त्यांना मध्येच कुठेतरी गाठलं. डबा उघडा तसाच राहिला. गुंडी अंगावर राहिली.

जाग आली ती छातीवरच्या थरथरीने. आधी वाटलं, हा झटका. सर्वांत वाईट उत्तर आधी तपासायचा सरांचा शिरस्ता होता. पण दुखत नव्हतं. मग त्यांना खोबरेल तेलाचा वास आला, डोक्याच्या अगदी जवळून, आणि वास ओळखीचा होता. खाटेला पाठ टेकून जमिनीवर कोणीतरी बसलं होतं.

सरांनी डोळे उघडले नाहीत.

बावीस वर्षं ते दोन मार्कांचा एक प्रश्न शिकवत आले होते. पावणेचारशे वर्षांपूर्वी एक डच शास्त्रज्ञ आजारी पडून अंथरुणावर होता. समोर एकाच तुळईला लंबकाची दोन घड्याळं टांगलेली. पडल्या पडल्या त्याला दिसलं, की दोन्ही लंबक एका तालात आलेत. त्याने ताल मोडून पाहिला, तर अर्ध्या तासात ते पुन्हा जुळले. एकाची थरथर तुळईतून दुसऱ्याला पोचत होती, कोणाला दिसणारही नाही एवढी. इथे सर थांबून म्हणत, "लिहून घ्या, तुळई महत्त्वाची." पोरं लिहून घेत. सरही पुढच्या प्रश्नाकडे जात.

आता ते स्वतः त्या अंथरुणावर होते. मागे एक श्वास वर जात होता, त्यांचा वर जात होता. तो थांबून उतरत होता, त्यांचाही उतरत होता, आणि गुंडी दर ठोक्याला सांगत होती की श्वासाच्या आत, हाडांच्या आत, जिथे कोणाचा हात पोचत नाही आणि कोणाची शिट्टी ऐकू जात नाही, तिथे दोन आंधळे स्नायू एकमेकांना सापडले आहेत. सोळा वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या यंत्रावर डॉक्टरांनी त्यांना पोटातल्या बाळाचा आवाज ऐकवला होता, लांबून घोडा दौडत यावा तसा. तोच हा. तो घोडा रोज जिना चढून इथे येत होता. ज्या अर्ध्या तासाची त्यांना लाज वाटत होती, ज्याच्यावर ते झाकण लावत होते, तेवढ्यात तो त्यांच्याजवळ येऊन उभा राहत होता. आणि तीन दिवस ते स्टूल टाकून त्याचीच वाट अडवून बसले होते.

त्यांच्या छातीत धडधड सुरू झाली. थरथर थांबली.

सरांना आयुष्यात कधी वाटली नव्हती अशी भीती वाटली. उठून त्याला जवळ घ्यावं, विचारावं, सांगावं, असं सगळं एकदम घशाशी आलं. त्यांनी ते गिळलं. काही केलं नाही. काही न करणं किती अवघड असतं याची त्यांना कल्पनाच नव्हती. मागचा श्वास मात्र आपल्या वाटेने वर जात होता, उतरत होता, कोणाचीही घाई नसल्यासारखा. हळूहळू सरांचा श्वास त्याच्यामागून जाऊ लागला. बापाने लेकाचं बोट धरावं तसा.

गुंडी पुन्हा थरथरली.

बऱ्याच वेळाने जमिनीवरचा माणूस उठला. दोन बोटं सरांच्या कपाळाशी आली, चष्मा अलगद उचलला गेला, काड्या मिटल्याचा आवाज आला, आणि पावलं जिना उतरून गेली. सरांची झोपेतली शिस्त ती हीच.

*

ते खाली आले तेव्हा शैलजाबाई शेंगा सोलत होत्या.

"मी दुपारी झोपतो," सर म्हणाले.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पेपर तपासून उशीच्या अभ्र्याला तेल लागत नाही."

सरांनी फोन त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर दोन नावं होती, रेवण बिराजदार आणि महालिंग बिराजदार, आणि पुढे चौतीस मिनिटं. शैलजाबाईंनी ते दोनदा वाचलं. मग सोललेल्या शेंगा टरफलांत टाकल्या, टरफलं दाण्यांत टाकली, आणि तशाच बसून राहिल्या.

"हे नव्हतं माहीत," त्या म्हणाल्या.

शनिवारी तहसीनने फोन केला. रेवणला विचारून, त्याने परवानगी दिली तेवढंच ती सांगणार होती.

"तीन महिन्यांपूर्वी तो तुम्हाला काहीतरी सांगायला वर आला होता. तुम्ही झोपला होतात. उठायची वाट बघत बसला आणि त्याला बरं वाटलं. मग रोज यायला लागला. म्हणतो, झोपल्यावर अप्पा काही विचारत नाहीत."

"काय सांगायचं होतं?"

"सर."

"विचारत नाही," सर घाईने म्हणाले. "मग आता हे पुरेल का त्याला?"

"नाही. डॉक्टर लागतील, गोळ्या लागतील, मी आठवड्यातून तीनदा भेटणार आहे. वेळ लागेल, मध्ये वाईट दिवसही येतील. पण तुळई सापडली सर. लिहून घ्या, तुळई महत्त्वाची."

*

सोमवारी रिपीटर्सची बॅच दोन वाजता क्लासच्या दारात आली, तर दाराला कुलूप होतं आणि सरांच्या वळणदार अक्षरातला कागद होता. 'दुपारी दोन ते तीन सर झोपतात. बॅच पावणेचारला भरेल.'

गावात संध्याकाळपर्यंत खळबळ माजली. दोन पालकांनी मुलं काढून दुसऱ्या क्लासला घातली. एकाने फोन करून, सरांची तब्येत बरी आहे ना, असं काळजीने विचारलं. बसस्थानकासमोरचा फलक उतरवायला माणसं आली, तोपर्यंत पानवाला त्याच्याकडे तोंड करून खुर्चीत झोपलेला होता.

आणि त्या दुपारी दोनला गच्चीवरच्या खोलीत, डाव्या कुशीवर, चष्मा कपाळावर ठेवून सर टक्क जागे होते. बावीस वर्षं चोरून येणारी झोप राजरोस मिळाल्यावर यायला तयार नव्हती. त्यांनी डोळे मिटून घेतले. गुंडी अंगावर होती. डबा खाली स्वयंपाकघरात गेला होता, शैलजाबाईंनी त्यात दाणे भरले होते.

दोन वीसला जिन्यावर पावलं वाजली. दारात थांबली. बराच वेळ तिथेच राहिली. वडील झोपेत कसे श्वास घेतात हे जगात एकाच माणसाला नीट माहीत होतं, आणि तोच दारात उभा होता.

"अप्पा," रेवण म्हणाला, "तुम्ही जागे आहात."

"नाही," बिराजदार सर म्हणाले.

मग खाटेला कोणाची तरी पाठ टेकली. खोबरेल तेलाचा वास आला. एक श्वास वर गेला, दुसरा त्याला शोधत मागोमाग गेला, चुकला, पुन्हा गेला. सर काहीही न विचारता पडून राहिले, आणि काही वेळाने छातीवर अगदी हळू, मांडीवर मांजर घुरघुरावं तशी, गुंडी थरथरू लागली.

"बरं," रेवण म्हणाला, आणि सांगायला लागला.